दोन इंच अंधार

ओमारूच्या बंदरामागे पांढऱ्या दगडाचा हॉल.
जूनचा गारठा. हीटर नाणं टाकल्याशिवाय तापत नाही.
प्लायवूडवर डिंकाने वाळू चिकटवलेली,
म्हणजे हे इजिप्त. सन बेचाळीस, जूनची सत्तावीस,
मध्यरात्र उलटलेली.
मिनकार कैमचं टेकाड म्हणजे थर्माकोलच्या दोन पट्ट्या,
आणि भोवती वेढा.

नियम मीच लिहिलेत, आठ हिवाळे खोडून खोडून.
दृष्टी : दोन इंच. त्यापलीकडे जे आहे
ते नाहीच असं धरून चालावं.
संगिनी लावलेल्या. गोळी झाडायची नाही.
दर चालीला आवाजाचा फासा,
पाच किंवा सहा पडले की समोरची छावणी जागी.

पायदळ गॅल्ब्रेथकडे. वय ऐंशी पार,
कप धरताना हात थरथरतो, सोंगटी धरताना नाही.
जर्मन घेऊन बसलाय तूरोआ, कारण नाणेफेक हरला.
त्याच्या पणजोबाची माओरी पलटण
पटावरून त्याच्याच दिशेने सरकतेय.

दिवे घालवा, कुणीतरी म्हणालं.
टॉर्चला लाल कागद बांधून खेळलो.
पहिलं दान दोन. मग तीन. मग परत दोन.
स्वयंपाकघरात नोलीनच्या किटलीने शिट्टी घातली
आणि आम्ही सगळे तिच्याकडे असे वळलो
की बिचारीने गॅसच बंद केला.

चौथं दान सहा.

आता तूरोआच्या मशीनगन. चारच्या वर हवंय.
मुठीत फासे घेऊन तो बसून राहिला.
टाक लवकर, असं कुणी म्हटलं नाही.
मग टाकले. नीट टाकले, मी पाहत होतो.
एक आणि तीन.
'हुकलं,' तो म्हणाला, खेळाडूने म्हणावं तसं,
आणि चहा मागितला, जो झालेलाच नव्हता.

घळीत एक पांढरी सोंगटी असते. रुग्णगाडी.
तिचे गुण शून्य. दर वर्षी ठेवतो,
दर वर्षी वाटतं काढून टाकावी.
नियम अकरा : दोन इंचांच्या आत भिडल्यावर
ओळख पटत नाही.
गॅल्ब्रेथची चाल तिच्या अंगावरूनच गेली. दुसरी वाट नव्हती.
ती त्याने पटाबाहेर ठेवली नाही,
डाव्या मुठीत धरून उजव्याने खेळत राहिला.
'अकरावा बदल,' म्हणाला.
'काय करू त्याचं?'
त्यावर काही बोलला नाही.

मागे ट्रक, बत्तीस, काड्यापेटीएवढेही नाहीत.
त्यांना चाल नसते. इशारा येईतो थांबायचं.
गॅल्ब्रेथचा बाप अशाच एका ट्रकच्या हौद्यात उभा होता,
माणसांवर माणसं. मेंढरांसारखी? कुणी विचारलं तर
तो, जन्माचा मेंढपाळ, मान हलवायचा :
मेंढरं इतकी गप्प राहत नाहीत.
घरी एवढंच सांगितलं त्याने, चाळीस वर्षांत.

बत्तीसातले सव्वीस पूर्वेच्या कडेवरून उतरले.
तक्त्याप्रमाणे विजय. तक्ताही माझाच.
सोंगट्या मोजून डब्यात भरताना एक कमी भरली,
कुठली ते ठाऊक होतं, मागितली नाही.

सातला निघालो, बाहेर मिट्ट काळोख,
काचांवर हिमाचा पापुद्रा.
बंदराच्या रस्त्यावर गॅल्ब्रेथची गाडी मध्येच थांबली,
म्हणून मीही, माझ्यामागे तूरोआ.
त्याने हेडलाइट घालवले. मग आम्हीही. इंजिनंसुद्धा.
समुद्रातून वर आलेले निळे पेंग्विन, नऊ की दहा,
गुडघ्याएवढेही नाहीत,
कठड्याशी घोळका करून उभे.
एक पुढे झाला, मागे फिरला.
पुन्हा पुढे.
मग सगळे एकदम, धडपडत, डांबर ओलांडून
पलीकडच्या झुडपात.

एक मागे राहिला होता.
त्याच्यासाठीही थांबलो.